वेलीचं आच्छादित क्षेत्रफळ

एका अळीने दिवसाला किती पानं खावीत, याबद्दल कुठलाही नियम नाही.

*

सव्वीस पायऱ्यांचा लोखंडी जिना. भिंतीच्या बाहेरून लावलेला. गंजू नये म्हणून चंदेरी रंग दिलेला, त्यामुळे आता गंज चंदेरी दिसतो.

*

"…पत्रा, काच, ताडपत्री, कापड, जाळी, बांबू वा अन्य कोणत्याही पदार्थाने केलेले आच्छादन हे बांधकाम समजण्यात येईल." नमुना सात-ग, परिच्छेद दोन.

*

भूल देणाऱ्या डॉक्टरांना झोप येत नसे.

*

एक पांढरा बनियन, बाह्यांचा, दोन दिवस पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकत होता. तो कुणाचा हे सगळ्या इमारतीला माहीत होतं आणि काढायला कुणी येत नव्हतं.

*

वेताची खुर्ची. तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे.

*

हे सगळे एकाच प्रकरणाचे कागद आहेत. फाइलीला लावताना उलटसुलट लागले, इतकंच. टेपकाकांच्या हातून असं कधी झालं नसतं. एकतीस वर्षं पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात त्यांनी नकाशे तपासले आणि त्यांच्या टेबलावरून गेलेल्या फाइलीत एक पानही कधी उलटं सापडलं नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पाच मीटरची पोलादी टेप त्यांच्या खिशात असते. इमारतीतल्या पोरांनी त्यावरून त्यांना 'टेपकाका' म्हणायला सुरुवात केली, मग पोरांच्या आयांनी, मग पोस्टमनने. त्यांना राग येत नसे. टेप ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. लाज वाटायची तर ती या इमारतीतल्या इतर पंधरा गॅलऱ्यांनी वाटून घ्यायला हवी होती.

कारण सोळा गॅलऱ्यांपैकी पंधरा बंद होत्या. कुणी काच लावून अभ्यासाची खोली केली होती, कुणी पत्रा ठोकून माळा केला होता. पहिल्या मजल्यावरचे चिटणीस, म्हणजे रहिवासी समितीचे चिटणीस, यांनी तर गॅलरीत न्हाणीघर काढलं होतं, आणि वर समितीच्या फलकावर 'इमारतीचे सौंदर्य राखा' असं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं. उघडी गॅलरी एकच. दुसरा मजला, उजवीकडची. तिला ना जाळी, ना काच, ना पत्रा. तत्त्व म्हणून.

या तत्त्वाचा त्रास बावीस वर्षं कुणालाच झाला नाही, कारण समोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत होती. काकू रोज दुपारी वेताची खुर्ची गॅलरीत ओढायच्या, चहा घ्यायच्या आणि त्या भिंतीकडे बघत बसायच्या. भिंतीत बघण्यासारखं काय आहे, असं एकदा टेपकाकांनी विचारलं होतं. "काहीच नाही, म्हणून तर बसते," असं उत्तर मिळालं होतं.

मग त्या भिंतीत दार पडलं, दारामागे दातांचा दवाखाना आला आणि दारापर्यंत बाहेरून जिना आला. दवाखान्याची प्रतीक्षेची खोली चार माणसांची होती आणि दातदुखी गावभर. उरलेली माणसं पायऱ्यांवर बसू लागली. गाल धरून बसलेल्या माणसाला वाचवत नाही, बोलवत नाही, खाववत नाही. तो फक्त समोर बघू शकतो. समोर काकू होत्या.

काकूंनी तेही महिनाभर चालवून घेतलं. पण एका दुपारी सतराव्या पायरीवरचा एक गृहस्थ सुजलेल्या गालातून मोठ्याने म्हणाला, "काकू, तीन चमचे साखर? अहो, कमी करा. माझं बघताय ना!"

काकूंनी कप उचलला, खुर्ची उचलली आणि आत आल्या. खुर्ची झोपायच्या खोलीत गेली आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे पडू लागले. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर टेपकाकांना उत्तर देता आलं असतं.

"पडदा लावू या का?" त्यांनी आठवड्याने विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, कापड म्हणजे आच्छादन."

"हो. ते आहेच."

"मग राहू दे. आत काय वाईट आहे? पंखा आहे."

ते 'पंखा आहे' टेपकाकांच्या जिव्हारी लागलं. सगळ्या इमारतीने नियम पायदळी तुडवून खोल्या वाढवाव्यात आणि नियम पाळणाऱ्याच्या बायकोने पंख्याखाली चहा घ्यावा? त्यांनी टेप खिशात टाकली आणि रोपवाटिकेत गेले.

रोपवाला उकिडवा बसून मातीत हात घालून होता. त्याने वर न बघता विचारलं, "काय झाकायचंय?"

"झाकायचं नाही. आडोसा हवाय. नियमात बसणारा."

"कृष्णकमळ न्या. चार महिन्यांत भिंत दिसणार नाही."

"कुठली भिंत?"

"कुठलीही." त्याने वेलीचा एक स्प्रिंगसारखा हिरवा तणावा बोटाभोवती गुंडाळून दाखवला. "हा बघा, हात लावला की धरतो. धरलं की सोडत नाही. दोरी द्या, दोरी धरेल. तार द्या, तार धरेल. काही नाही दिलं तर स्वतः शोधेल."

हे वाक्य रोपवाल्याने कौतुकाने उच्चारलं होतं. ती धमकी आहे, हे पुढे कळायचं होतं.

वेल घरी आली. काकूंनी तिच्याकडे बघून "बरं" म्हटलं. दुसरा कुणी असता तर त्याने कुंडी ठेवली असती, दोऱ्या बांधल्या असत्या आणि हात धुतले असते. टेपकाकांनी आधी आराखडा काढला. प्रमाण एकास वीस. दर्शनी बाजू, छेद, दोऱ्यांची संख्या चौदा, भिंतीतले हुक अठ्ठावीस. हुक बाहेरच्या भिंतीत बसणार, म्हणजे दर्शनी भागात बदल. दर्शनी भागात बदल म्हणजे पूर्वपरवानगी. हे त्यांनी एकतीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. आता स्वतःवर आल्यावर विसरायचं? त्यांनी अर्ज लिहिला.

"विषय : राहत्या घराच्या गॅलरीत एक (१) वेल लावण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत : आराखडा तीन प्रती, वेलीचे छायाचित्र दोन प्रती (एक समोरून, एक बाजूने)."

"अहो, वेलीला कोण परवानगी मागतं?" काकू म्हणाल्या.

"म्हणूनच सगळीकडे हा सावळागोंधळ आहे," टेपकाका म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले. बाहेर लख्ख ऊन होतं. छत्री ही कार्यालयात जायची सवय.

*

अर्जाचा प्रवास, शेऱ्यांसह:

उद्यान विभाग. "वेल कुंडीत असून जमिनीत नाही. सबब या विभागाचा संबंध नाही."

बांधकाम विभाग. "हुकांस हरकत नाही. वेलीबाबत उद्यान विभागाचे मत घ्यावे."

उद्यान विभाग, दुसऱ्यांदा. "मत यापूर्वीच दिले आहे. ते संबंध नाही असे आहे."

अग्निशमन. "वेल ओली आहे की वाळलेली, याचा उल्लेख नाही. ओली असल्यास संबंध नाही."

आरोग्य. "डास होतात काय?" (हा शेरा नसून प्रश्न आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रश्न लिहू नये असं टेपकाकांनी स्वतः परिपत्रक काढलं होतं. ते कुणी वाचलं नव्हतं.)

*

अर्ज असा गावभर फिरत असताना वेल मात्र घरीच वाढत होती, आणि तिला परवानगीची वाट बघायची शिस्त कुणी लावलेली नव्हती. दुसऱ्या महिन्यात तिने चौदाही दोऱ्या भरल्या. तिसऱ्या महिन्यात दोऱ्या पुरेनात म्हणून ती वर डॉक्टरांच्या जाळीत शिरली आणि खाली चिटणिसांच्या वाळत घालायच्या तारेवर उतरली. तिथे तिला चिटणिसांचा बनियन सापडला.

चिटणीस वर आले तेव्हा त्यांच्या अंगात शर्ट होता पण आतून काही नसावं, कारण ते शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावून हाताने धरून उभे होते.

"काका, तुमच्या वेलीने माझा बनियन धरलाय."

"सोडवून घ्या."

"सोडवायला गेलो तर फाटतोय. सात ठिकाणी धरलाय हो! खांद्यावर, बाहीला, मागे... पोलीस धरत नाहीत असा!"

"तुमची तार माझ्या हद्दीत नऊ इंच येते," टेपकाका म्हणाले आणि टेप काढू लागले. "तार नियमात असती तर बनियन नियमात राहिला असता."

चिटणीस खाली गेले. दोन दिवस बनियन हवेत राहिला. तिसऱ्या दिवशी चिटणिसांच्या सौभाग्यवतींनी कात्री घेऊन बनियन वाचवला आणि वेलीचा शेंडा कापला. शेंडा कापला की वेल दोन फांद्या काढते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एव्हाना वेलीचा काय उपयोग करायचा, याबद्दल इमारतीत मतं तयार झाली होती.

तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका रोज सकाळी खालून मान वर करून विचारायच्या, "फळ धरलं का? सरबत फार छान होतं. बिया गाळून घ्यायच्या. आणि साल फेकू नका, मुरंबा होतो." त्यांनी बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. टेपकाकांनी तीनदा सांगितलं की ही जात फळाची नाही. "धरेल हो," त्या म्हणायच्या, जणू नापास मुलाच्या बापाला धीर देत होत्या.

तिसऱ्या मजल्यावरचे भूलतज्ज्ञ, ज्यांनी हयातभरात हजारो माणसांना बारा आकडे मोजायच्या आत झोपवलं होतं आणि जे स्वतः पहाटेपर्यंत छताकडे बघत असत, त्यांनी कुठेतरी वाचलं की या वेलीच्या पानांचा काढा घेतला की झोप येते.

"कुठल्या जातीच्या?" टेपकाकांनी विचारलं.

"ते वाचलं नाही. पान तोडायला हरकत नाही ना? माझ्या जाळीतलीच तोडतो."

"जाळी तुमची, पान माझं."

"मग अर्ज करू का?" डॉक्टर म्हणाले आणि हसले. टेपकाका हसले नाहीत.

डॉक्टरांनी काढा घेतला आणि त्याच दुपारी समितीच्या सभेत, विषय क्रमांक तीनवर चिटणीस बोलत असताना, ते बसल्या जागी गाढ झोपले. याचं श्रेय वेलीला द्यावं की चिटणिसांना, यावर इमारतीत आजही एकमत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माणसं टेपकाकांच्या दाराशी पिशव्या घेऊन येऊ लागली. कुणाच्या सासूला झोप नव्हती, कुणाच्या नवऱ्याला जास्त होती आणि तीच पानं उलटी घेतली तर कमी होईल का, असं विचारायचं होतं.

"मी औषधाचं दुकान लावलेलं नाही!" टेपकाका दारात उभं राहून ओरडले. "सरबताचंही नाही! मी आडोसा लावलाय! आडोसा! पानं जागेवर राहिली तर आडोसा, तोडून नेलीत तर भोकं!"

आणि खरंच भोकं पडत होती. त्या भोकांतून जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. टेपकाका संध्याकाळी भोकं मोजत. काकू म्हणत, "नेऊ द्या हो चार पानं."

"चार? आज एकोणीस भोकं आहेत. कुणासाठी करतोय मी हे?"

काकू कपड्यांच्या घड्या करत राहिल्या.

*

नोटीस चौथ्या महिन्यात आली.

पाकीट बघूनच टेपकाकांना बरं वाटलं होतं. कागदाचा तोच पिवळा, घडी तिथेच, तीन बोटांवर. परवानगी आली असं समजून त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीत नीट बसले आणि वाचायला लागले.

"नमुना सात-ग. ज्याअर्थी आपण आपल्या गॅलरीत विनापरवाना आच्छादन केल्याचे निदर्शनास आले आहे..."

झालं होतं ते असं. चार विभाग फिरून कुणीच आपला न म्हटलेला अर्ज कुठे जातो? त्यासाठी नियम आहे. ज्या अर्जाशी कुणाचाच संबंध नाही, तो अनधिकृत बांधकाम कक्षाकडे वर्ग करावा. हा नियम टेपकाकांनीच सुचवला होता, कारण पूर्वी असे अर्ज कपाटावर पडून राहत आणि त्यांना ते बघवत नसे.

आणि नोटिशीचा मसुदाही त्यांचाच. एकवीस वर्षांपूर्वी एका बिलंदराने पत्रा नाही, काच नाही, ताडपत्री नाही, म्हणून चाळीस उघड्या छत्र्या एकमेकींना शिवून गॅलरी झाकली होती आणि 'छत्रीला तुमच्या कायद्यात जागा दाखवा' असं साहेबांना ऐकवलं होतं. त्या दिवशी टेपकाकांनी जेवणाची सुट्टी न घेता परिच्छेद दोनमध्ये चार शब्द घातले. वा अन्य कोणत्याही पदार्थाने. त्या चार शब्दांनी पुढे एकवीस वर्षांत एकही गॅलरी सुटू दिली नाही. म्हणजे, ज्या गॅलरीची फाइल झाली, ती.

तपासणीला एक तरुण निरीक्षक बाई आल्या. त्यांच्या हातात टेप नव्हती. एक छोटी डबी होती, तिच्यातून लाल ठिपका निघायचा आणि पडद्यावर आकडा उमटायचा. टेपकाकांनी आपली टेप पुढे केली.

"नको काका, याच्यात मिलिमीटरपर्यंत येतं."

"टेपमध्येही येतं. बघता आलं पाहिजे."

बाईंनी लाल ठिपका वेलीवर टाकला, खाली टाकला, वर टाकला. मग मान बाहेर काढून त्यांनी सबंध इमारत न्याहाळली. पंधरा बंद गॅलऱ्यांमागे पंधरा पडदे सरकले आणि पंधरा कुटुंबांनी श्वास रोखून धरला. चिटणिसांच्या न्हाणीघरातला नळ चालू होता, तोही कुणीतरी घाईने बंद केला.

"या बाकीच्या?" टेपकाकांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"त्यांचे अर्ज नाहीत."

"अर्ज नाहीत म्हणजे?"

"अर्ज नाही म्हणजे फाइल नाही. फाइल नाही म्हणजे बांधकाम नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा अर्ज आहे ना काका. आराखड्यासकट. इतका छान आराखडा मी अजून बघितला नाही."

त्या संध्याकाळी चिटणीस, मुख्याध्यापिका आणि डॉक्टर एकदमच वर आले.

"काका, तुम्ही ऑफिस घरी बोलावलंत!" चिटणिसांचा आवाज चिरकला होता. "आज तुमच्या वेलीवर ठिपका पडला, उद्या माझ्या... माझ्या कपडे धुवायच्या जागेवर पडेल!"

"न्हाणीघर म्हणा. शॉवर आहे त्यात."

"अर्ज मागे घ्या!"

"अर्ज मागे घ्यायला कारण द्यावं लागतं. खोटं कारण मी देणार नाही."

"मग वेल काढा!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. बरण्यांचं दुःख त्यांच्या आवाजात होतंच. "नाहीतरी फळ देत नाही."

"काढणार नाही."

"अहो, पण का? कुणाच्या उपयोगाची आहे ती?"

टेपकाकांनी झोपायच्या खोलीकडे बघितलं. दार अर्धवट उघडं होतं, आणि वेताच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग काकू उचलून पलंगावर ठेवत होत्या. कारण सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण घरातलं दुःख समितीपुढे मांडायचं म्हणजे ते वृत्तांतात जाणार. ते म्हणाले, "ज्याचं त्याला ठाऊक," आणि दार लावून घेतलं.

*

सुनावणीच्या तीन तारखा नुसत्या बाकावर गेल्या. पहिल्यांदा साहेब बैठकीत होते, दुसऱ्यांदा फाइल बैठकीत होती, तिसऱ्यांदा दोघेही जागेवर होते पण शिक्का सापडेना. टेपकाका प्रत्येक वेळी सकाळी छत्री घेऊन जात आणि संध्याकाळी परत येत. ज्या बाकावर त्यांनी माणसं बसवून ठेवली होती, तो बाक इतका आखूड आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी मोजला. त्यावर माणशी तेरा इंच येत होते.

चौथ्या तारखेला आत बोलावलं. साहेब म्हणजे एके काळचा टेपकाकांच्या हाताखालचा मुलगा; मोजपट्टी उलटी धरायचा, यांनीच सरळ धरायला शिकवली.

"काका! बसा ना. चहा सांगू?"

"सुनावणीत चहा देत नाहीत. मीच बंद केला होता."

"बरं." साहेबांनी फाइल उघडली आणि प्रेमाने हसले. "काका, हे काय प्रकरण आहे का? वेल आहे हो. मी आत्ता मिटवतो. परिच्छेद दोन काय म्हणतो? पत्रा, काच, ताडपत्री, कापड, जाळी, बांबू. यात वेल आहे? नाही. संपलं. प्रकरण निकाली, वेल तुमची, घरी जा."

टेपकाकांना उठता आलं असतं. उठायचंच त्यांच्या मनात होतं. आडोसा वाचला होता, काकू पंख्याखालून गॅलरीत येणार होत्या, एवढ्यासाठीच तर चार महिने जिवाचं रान केलं होतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले, "पुढे वाचा."

"काय?"

"परिच्छेद तिथे संपत नाही. बांबूच्या पुढे वाचा."

"काका, जाऊ दे ना."

"वा अन्य कोणत्याही पदार्थाने!" टेपकाका उभे राहिले. "एकवीस वर्षं ते वाक्य उभं आहे. एकाही वकिलाला हलवता आलेलं नाही. आणि तुम्ही ते बांबूवर तोडता?"

"पण वेल म्हणजे काही पदार्थ नाही..."

"वेल पदार्थ नाही? मग छत्री होती का? तुम्ही आज वेल सोडलीत तर उद्या माणसं भोपळे चढवतील, परवा गवताचं छप्पर घालतील आणि वेल आहे म्हणतील! पान अपारदर्शक आहे. सावली देतं. आच्छादन आहे. माझा मसुदा आहे तो, त्यात माझी वेल बसते म्हणजे बसते!"

साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "काका, मी तुम्हाला सोडवतोय."

"मला सोडवायला माझं वाक्य मोडू नका."

बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावून बघत होती. स्वतःविरुद्धची केस जिंकणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. साहेबांनी सुस्कारा टाकून लिहिलं : "पुढील सोमवारी जागेवर मोजणी करावी. मोजणीत जितके आच्छादन आढळेल, तितके त्याच वेळी काढून टाकावे."

टेपकाका विजयी मुद्रेने बाहेर आले. आपण काय जिंकलो, हे त्यांना पायऱ्या उतरताना कळलं. घरी आल्यावर काकूंनी "काय झालं?" असं विचारलं, तर म्हणाले, "माझं म्हणणं मान्य झालं." आणि तोंड धुवायला गेले.

*

अळ्या गुरुवारी दिसल्या.

त्याआधी काही दिवस नारिंगी रंगाची फुलपाखरं गॅलरीत यायची आणि सगळी इमारत "किती सुंदर" म्हणायची. ती सुंदर मंडळी अंडी घालून गेली होती. आता पानापानावर काटेरी अळ्या होत्या आणि त्यांचं एकच काम चाललं होतं. टेपकाकांनी डॉक्टरांकडून चिमटा आणला आणि स्टुलावर चढून एकेक अळी वेचून डब्यात टाकू लागले.

"कशाला वेचता?" काकूंनी खालून विचारलं. "सोमवारी कापणारच आहेत ना? साहेबांचा फोन आला होता मगाशी. तुम्हाला समजवा म्हणत होते."

टेपकाका स्टुलावरच थांबले. "कापायचं ते पालिका कापेल. रीतसर. अळ्यांना कुणी अधिकार दिला?"

तेवढ्यात चिटणीस धापा टाकत आत आले. अळ्यांची बातमी त्यांना लागली होती आणि तिचा अर्थ टेपकाकांच्या आधी त्यांच्या लक्षात आला होता.

"काका! चिमटा खाली ठेवा! पान नाही तर आच्छादन नाही, आच्छादन नाही तर कारवाई नाही, कारवाई नाही तर इमारतीत माणूस येणार नाही! खाऊ द्या त्यांना!"

"ही पुराव्याशी छेडछाड आहे!"

"छेडछाड अळ्या करताहेत! तुम्ही नाही, मी नाही!"

डबा चिटणिसांनी हिसकावला आणि एकेक अळी परत पानांवर ठेवली, इतक्या हळुवारपणे की त्यांनी स्वतःचा मुलगा कधी असा उचलला नसेल. शुक्रवारी डॉक्टर आपल्या जाळीतल्या अळ्या खाली सोडत होते. शनिवारी मुख्याध्यापिका खालून ओरडून विचारत होत्या, "झालं का संपवून? डावीकडे राहिलंय!" टेपकाका रविवारी स्टुलावर बसून नुसतं बघत राहिले. चार महिन्यांची वेल चार दिवसांत शिरांपर्यंत गेली.

सोमवारी निरीक्षक बाई आल्या तेव्हा चौदा दोऱ्या होत्या, अठ्ठावीस हुक होते आणि दोऱ्यांना गुंडाळलेले हिरवे दोर होते. बाईंनी लाल ठिपका टाकला. तो कशालाही न लागता आरपार गेला, मधली मोकळी जागा ओलांडून जिन्याच्या सतराव्या पायरीवर पडला. तिथल्या माणसाने दचकून गाल धरला.

"अकरा मीटर चाळीस," बाईंनी वाचून लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं : "जागेवर आच्छादन आढळून आले नाही. काढून टाकण्यासारखे काही नाही. फाइल बंद."

खाली, वर, सगळीकडून टाळ्या पडल्या. जिन्यावरच्या रोग्यांनीही वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण बसून बसून कंटाळले होते.

"फाइल बंद कशी?" टेपकाका दारात आडवे आले. "हा निकाल आहे? माझा युक्तिवाद मान्य झाला आणि निकाल अळ्यांनी दिला? खोड जिवंत आहे. पंधरा दिवसांनी पानं येतील. तुम्ही पंधरा दिवसांनी या!"

"नवीन अर्ज करा काका," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "नाही, नको. खरंच करू नका. हात जोडते."

त्या गेल्या. टेपकाका टेबलाकडे वळले, कोरा कागद काढला, 'विषय' लिहिलं. मग त्यांना गॅलरीतून बोलण्याचा आवाज आला.

काकू गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात चहा. पुढे चौदा नागव्या दोऱ्या, आणि पलीकडे सगळा जिना.

"काकू, पडदा कुठे गेला आज?" जिन्यावरून एक बाई विचारत होत्या.

"अळ्या लागल्या. तुमची अक्कलदाढ काढली का?"

"आज काढणार. भीती वाटते हो."

"काही नाही होत. मागच्या आठवड्यात त्या टेम्पोवाल्याची काढली, हसत उतरला. डोळे मिटायचे आणि पायाची बोटं हलवायची."

टेपकाका दारात उभे राहिले. "तू... तू दिसतेयस सगळ्यांना."

"हो."

"आडोसा गेला. ते सगळे बघताहेत."

"ओळखीचे आहेत."

"कधीपासून?"

"तुमचं ऑफिस सुरू झाल्यापासून." काकूंनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही छत्री घेऊन गेलात की मी कपडे पलंगावर टाकायची आणि खुर्ची इथे आणायची. पानांमागे बसलं की दिसत नव्हतं ना, त्यामुळे बोलायला बरं वाटायचं. एकदा एक बाई रडत होती, तिला म्हटलं काय होतंय. मग दर खेपेला कुणी ना कुणी. तुम्ही यायच्या आत खुर्ची आत."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी थांबला असता."

टेपकाकांना या वाक्यावर पुष्कळ बोलायचं होतं. संतापायला जागा होती, मुद्दे होते, तारखा होत्या. त्यांनी तोंड उघडलं. समोरून कुणीतरी ओरडलं, "काका, उन्हात कशाला उभे? बसा की!" त्यांनी स्टूल ओढलं, खिशातली टेप बोचत होती ती काढून हातात धरली आणि बसले. अक्कलदाढवाल्या बाईंचा नंबर पुकारला गेला. काकूंनी हात हलवला. थोड्या वेळाने, इकडेतिकडे बघत, टेपकाकांनीही हलवला.

वेलीला पहिलं फूल आलं ते दुसऱ्या सुनावणीच्या दिवशी दुपारी, जांभळं, तळहाताएवढं. ते एकच दिवस टिकलं, आणि टेपकाका तेव्हा बाक मोजत होते.